टीव्हीवरच्या ‘इतर’मध्ये आमचा अर्धा तालुका

निकालाच्या दिवशी माझ्या सेंटरवर गर्दी राहते. एरवी लोक सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याची पावती असल्या कामांसाठी येतात, पण त्या दिवशी कोणालाच काम नसते, सगळे टीव्ही पाहायला येतात कारण गावात लाईन गेली तरी माझ्याकडे इन्व्हर्टर आहे. २३ नोव्हेंबर २०२४, विधानसभेचा निकाल. सकाळी आठपासून स्क्रीनवर चौकोन नाचत होते, महायुती इतके, महाविकास आघाडी इतके आणि एकदम कोपऱ्यात राखाडी रंगाचा एक बारका चौकोन, त्यावर लिहिलेलं ‘इतर’.

आमच्या गल्लीतले एक काकाजी, सत्तरीच्या पुढचे, बराच वेळ गुपचाप बसून पाहत होते. मग मला म्हणाले, “काहून रे, मी ज्याले मत देलं त्याचं नाव काहून नाही दाखवून रायले हे?” मी म्हटलं काकाजी, तो इतरमध्ये आहे. तर ते म्हणतात, “इतर म्हंजे कोन? म्या तं मशीनवर नाव पाहून बटन दाबलं बापा. तेथी इतर नावाचा कोनी नव्हता.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलो. विषय एवढाच की निवडणुकीच्या वेळी टीव्हीवर ज्या डिबेट होतात त्यात छोट्या पक्षांना बसू द्यायचं की नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो, बसू दिलंच पाहिजे, आणि छोटा कोण मोठा कोण हे मुंबईच्या स्टुडिओत बसून नाही तर ज्या भागाबद्दल बोलणं चाललं आहे त्या भागातल्या मतांवरून ठरलं पाहिजे. मी कोणत्याच पक्षाचा कार्यकर्ता नाही, लोकसभेला एकाला आणि विधानसभेला दुसऱ्याला असं मत दिलेला माणूस आहे, त्यामुळे कोणाची बाजू घेऊन लिहितो असं कृपया समजू नका.

आता आमच्या अकोला जिल्ह्याचंच घ्या. राज्याच्या हिशोबात वंचित बहुजन आघाडी म्हणजे छोटा पक्ष, २०२४ ला विधानसभेत एकही जागा नाही. पण अकोल्यात येऊन कोणाला विचारा की हा छोटा पक्ष आहे का. आधी भारिप बहुजन महासंघ आणि मग वंचित, वर्षानुवर्षं जिल्हा परिषद त्यांच्याकडे राहिलेली, बाळापुरात २००९ आणि २०१४ दोन्ही वेळा भारिपचा आमदार, आणि नंतरच्या दोन्ही निवडणुकांत तिथे वंचित दुसऱ्या नंबरवर. वंचितचे नेते बाळासाहेब म्हणजे प्रकाश आंबेडकर १९९८ आणि १९९९ ला इथून खासदार होते. २०२४ च्या लोकसभेला ते तिसऱ्या नंबरवर गेले तरी मतं पावणेतीन लाखाच्या वर होती, आणि पहिल्या दुसऱ्यातला फरक होता चाळीस हजारांच्या आसपास. पावणेतीन लाख माणसं घरून निघून, लाईनीत उभी राहून, बोटाला शाई लावून आली आणि टीव्हीच्या भाषेत ती सगळी ‘फॅक्टर’. वंचित फॅक्टर. माणसाला फॅक्टर म्हटलं की त्याचं ऐकायची गरज राहत नाही, नुसता हिशोब करायचा, याची किती खाल्ली त्याची किती खाल्ली.

बुलडाण्यात तर पक्षही नव्हता. रविकांत तुपकर अपक्ष उभे होते, सोयाबीन-कापसाच्या भावाच्या आंदोलनातून आलेला माणूस, त्यांना अडीच लाखाच्या आसपास मतं पडली आणि निवडून आलेल्या खासदाराची लीड तीस हजाराच्या आतबाहेर. तिकडे अमरावतीत बच्चू कडूंच्या प्रहार पक्षाच्या उमेदवाराला पंच्याऐंशी हजार मतं आणि निकाल लागला वीस हजाराच्या आतल्या फरकाने. म्हणजे पश्चिम विदर्भातल्या तीन मतदारसंघांत लागोपाठ हेच. आणि निकालानंतर आठ दिवस प्रत्येक चॅनलवर चर्चा की यांच्यामुळे कोण पडलं. अरे बाबा, मतदानाच्या आधी आठ दिवस यांना बोलवून विचारलं असतं ना की तुमचं म्हणणं काय आहे, सोयाबीनचा भाव कसा देणार, पैसा कुठून आणणार, तर लोकांनाही कळलं असतं की मत द्यायच्या लायकीचं आहे की नाही. पडल्यावर विचारायचं आणि तेही त्याला नाही, ज्याला त्याच्यामुळे तोटा झाला त्याला.

‘मतं खाल्ली’ हा शब्दच मला पटत नाही. मत म्हणजे कोणाच्या ताटातली भाकर नाही की दुसऱ्याने उचलून नेली. ते ज्याचं त्याचं आहे.

आता एक डोळ्यादेखत घडलेली गोष्ट सांगतो. त्याच विधानसभेच्या प्रचारात, दिवाळी होऊन गेली होती, कापूस वेचणीला आला होता, एका न्यूज चॅनलची गाडी आमच्या तालुक्याच्या गावी आली. चॅनलचं नाव लिहीत नाही. मंगल कार्यालयाच्या पुढच्या पटांगणात कार्यक्रम, समोर दोनेकशे माणसं, स्टेजवर चार खुर्च्या. महायुतीचा एक, आघाडीचा एक, मधात अँकर, आणि चौथ्या खुर्चीवर नागपूरहून आलेले एक राजकीय विश्लेषक. मतदारसंघात उमेदवार पंधराच्या वर होते. त्यातला एक शेतकऱ्यांच्या एका लहान पक्षाचा, पस्तिशीचा पोरगा, चार एकर कोरडवाहू शेती. मी त्याला ओळखतो कारण उमेदवारी अर्जाचे कागद त्याने माझ्याच सेंटरवर स्कॅन केले. अनामत रक्कम दहा हजार, आणि त्यासाठी त्याने सोयाबीन विकलं होतं. हमीभाव ४,८९२ रुपये होता पण बाजारात चार हजाराच्या आसपास मिळत होते, म्हणजे अडीच क्विंटल सोयाबीन नुसत्या अनामतीला गेलं. कायद्याने विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख आहे. याचा सगळा खर्च एका जुन्या ॲटोचा आणि भोंग्याचा.

तर तो पोरगा त्या कार्यक्रमाला एक बाटली घेऊन आला होता. साधी पाण्याची बाटली, लेबल काढलेली, आत त्याच्या गावच्या बोअरचं पाणी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे, जमिनीखालचं पाणीच खारं. या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, कितीही शिट्ट्या द्या दाणा तसाच राहतो. माठाला बाहेरून पांढरं फूल येते, खरवडलं तर पावडर निघते. ओलीत करावं तर जमीन खराब होते म्हणून विहीर असूनही शेती कोरडवाहू. आणि किडनीचे पेशंट तर प्रत्येक गावात, कोणाचा भाऊ, कोणाची आई, डायलिसिसला अकोल्याच्या चकरा. त्याच्या बाटलीतही दोन-तीन दिवस ठेवल्यामुळे तळाशी पांढरी रेघ बसली होती. त्याला एवढंच करायचं होतं, बाटली कॅमेऱ्यासमोर धरायची आणि स्टेजवरच्या दोघांना म्हणायचं की घ्या, एक घोट घ्या आणि मग बोला.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी तो चॅनलच्या माणसाजवळ गेला, म्हणाला मी पण उमेदवार आहे, मले पाच मिनिटं द्या. त्या माणसाने शांतपणेच सांगितलं की पॅनल फिक्स आहे, तुम्ही पब्लिकमध्ये बसा, प्रश्नोत्तराच्या वेळी हात वर करा. तो बसला. पाऊण तास स्टेजवर काय झालं तर गद्दार कोण आणि खरा पक्ष कोणाचा. मुंबईत कोण कोणाबरोबर गेलं. खोके, पन्नास खोके, परत खोके. आमच्या तालुक्यातला एक शब्द नाही. मग प्रश्नोत्तरं आली, याने हात वर केला, केलेला हात खाली घेतलाच नाही, शेवटी माईक आला. तो उभा राहिला, बाटली वर केली, म्हणाला, “साहेब हे आमच्या गावचं पानी आहे, हे...” आणि अँकर म्हणाले की पाण्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे, एका ब्रेकनंतर येतो. ब्रेकनंतर माईक दुसरीकडे गेला. रात्री कार्यक्रम टीव्हीवर दाखवला तेव्हा तेवढाही तुकडा नव्हता.

मी त्याच्या बाजूलाच उभा होतो. तो काही बोलला नाही, बाटली पिशवीत टाकली आणि मोटरसायकलला किक मारली.

कोणी म्हणेल की एका पोराचा पाच मिनिटांचा विषय आहे, सोडून दे. पण मला सांगा, तो प्रश्न स्टेजवरच्या कोणी का नाही आणला? कारण दोघांनाही तो अडचणीचा. दोघांचीही सरकारं येऊन गेलेली. जो कधीच सत्तेत नव्हता त्याच्याजवळच तो प्रश्न मोकळेपणाने विचारायची सोय होती. मोठ्या पक्षाचे लोक पाण्यावर बोलतच नाहीत असं मी म्हणत नाही, २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार खाऱ्या पाण्याच्या प्रश्नावर अकोल्याहून नागपूरला पायी निघाले होते आणि तेव्हा टीव्हीवाले मागे पळत होते. पण कॅमेरा आला तो यात्रा अडवली, धरपकड झाली म्हणून. पाणी तेव्हाही खारंच होतं आणि आताही खारंच आहे.

आता नियम काय आहे ते पाहू. आपल्या देशात खाजगी चॅनलने कोणाला बोलवायचं यावर काही बंधन नाही, ते त्यांच्या मर्जीवर. मोठे नेते एकमेकांसमोर बसत तर नाहीतच. २०२४ च्या मे महिन्यात निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, न्यायमूर्ती अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी पंतप्रधान मोदी आणि राहुल गांधी दोघांना जाहीर चर्चेसाठी पत्र लिहिलं होतं, राहुल गांधी तयार आहे म्हणाले, पण चर्चा झालीच नाही. सरकारी दूरदर्शन आणि आकाशवाणीवर मात्र १९९८ पासून पक्षांना फुकट वेळ मिळते, निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली, आणि २००३ ला कायद्यातही त्याची सोय केली. विधानसभेला प्रत्येक पात्र पक्षाला काही वेळ सारखा, आणि त्यावरचा वेळ मागच्या वेळच्या कामगिरीवरून. शिवाय प्रसारभारती पॅनल चर्चा घेऊ शकते, त्यात प्रत्येक पात्र पक्षाचा एक प्रतिनिधी. ऐकायला किती चांगलं आहे. पण पात्र म्हणजे कोण, तर मान्यताप्राप्त राष्ट्रीय किंवा राज्य पक्ष. आणि राज्य पक्षाची मान्यता पाहिजे तर १९६८ च्या चिन्हांच्या आदेशातल्या अटी, म्हणजे विधानसभेला राज्यभरातून ६ टक्के मतं आणि दोन आमदार, किंवा असंच काही. सगळा हिशोब पूर्ण राज्याचा. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतची मतं एका टोपल्यात टाकायची आणि मग टक्के काढायचे. त्यात अकोल्याचा किंवा अचलपूरचा पक्ष कसा टिकणार. बच्चू कडू अचलपूरहून चार वेळा निवडून आले, २००४ पासून २०२४ पर्यंत, त्यांचा प्रहार पक्ष तिथे घराघरात माहीत आहे, पण राज्याच्या टोपलीत टाकला की चिमूटभर.

मान्यता नसली की चिन्हही पक्कं राहत नाही, आणि याचा टीव्हीशी संबंध आहे म्हणून सांगतो. वंचितला २०१९ च्या लोकसभेला कपबशी होती, त्याच वर्षी विधानसभेला गॅस सिलिंडर, २०२४ च्या लोकसभेला अकोल्यात प्रेशर कुकर, मग विधानसभेला परत सिलिंडर. माझ्या आजीला वाचता येत नाही, तिला चिन्हच समजते. ती दर निवडणुकीला विचारते, “आता कोन्तं आलं रे बापा?” कमळ, पंजा तिला इतक्या वर्षांत कोणी वेगळं शिकवायची गरज पडली नाही. ज्याला दर वेळी शून्यापासून सांगावं लागते त्याला बोलायला जास्त वेळ पाहिजे, आणि आपण नेमकी त्यालाच वेळ देत नाही.

हे आपल्याकडेच आहे असं नाही, इतर देशात यावर कोर्टापर्यंत भांडणं झाली आहेत. ब्रिटनमध्ये २०१० ला पहिल्यांदा टीव्हीवर नेत्यांच्या डिबेट झाल्या, ब्राऊन, कॅमेरॉन आणि क्लेग असे तिघं. स्कॉटलंडचा एसएनपी पक्ष तेव्हा स्कॉटलंडमध्ये सरकार चालवत होता, तरी त्यांना घेतलं नाही, कारण पूर्ण ब्रिटनच्या हिशोबात ते छोटे. ते कोर्टात गेले, हरले. मला हे वाचताना एकदम अकोला आठवला, तेच की, घरी मोठे आणि राजधानीत ‘इतर’. मग २०१५ ला एका डिबेटमध्ये सात नेते उभे केले, त्यात एसएनपीच्या निकोला स्टर्जन होत्या, वेल्सच्या पक्षाच्या होत्या, ग्रीनच्याही होत्या. त्या निवडणुकीत एसएनपीने स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा जिंकल्या. डिबेटमुळेच जिंकल्या असं मी म्हणणार नाही, त्याच्या मागे आदल्या वर्षीचं स्वातंत्र्याचं सार्वमत होतं, बाकीही बरंच होतं. पण पाच वर्षांआधी ज्यांना दारातून वापस पाठवलं ते इतके काही लहान नव्हते एवढं तर नक्की समजलं.

न्यूझीलंडमध्ये २००५ ला एका चॅनलने सर्व्हेच्या आकड्यावरून दोन छोट्या पक्षांच्या नेत्यांना वगळलं, पीटर डन आणि जिम अँडरटन. दोघंही खासदार होते. ते हायकोर्टात गेले आणि कोर्टाने चॅनलला सांगितलं की यांना घ्या. कॅनडात २००८ ला ग्रीन पार्टीच्या एलिझाबेथ मे यांना आधी नाही म्हटलं, लोकांनी इतका आरडाओरडा केला की घ्यावंच लागलं. तिथे आता २०१८ पासून डिबेटसाठी वेगळा आयोगच आहे. आणि तिथली दुसरी बाजूही सांगतो, २०२५ ला त्याच ग्रीन पार्टीचं बोलावणं या आयोगाने रद्द केलं, कारण ठरलेल्या प्रमाणात त्यांनी उमेदवारच उभे केले नाहीत. मला हे चुकीचं वाटत नाही. नियम आधी सांगितला होता, पाळला नाही, बाहेर. आमच्या त्या पोराला तर कोणता नियम आहे हेच कोणी सांगितलं नाही. “पॅनल फिक्स आहे” हा काही नियम नाही.

अमेरिकेचं सगळ्यात खराब. १९९२ ला रॉस पेरो नावाचा अपक्ष उद्योगपती बुश आणि क्लिंटनच्या बरोबरीने डिबेटमध्ये बसला, सरकारी खर्चाची तूट हा एकच विषय त्याने धरून ठेवला, त्याला जवळपास १९ टक्के मतं पडली. चार वर्षांनी तोच माणूस परत उभा, पण डिबेटच्या आयोगाने त्याला बोलावलंच नाही, जिंकायची शक्यता नाही म्हणे. आणि २००० पासून तिथे नियम केला की पाच सर्व्हेंची सरासरी १५ टक्के असली तरच यायचं. म्हणजे टीव्हीवर दिसला नाही म्हणून सर्व्हेत नाही आणि सर्व्हेत नाही म्हणून टीव्हीवर नाही. विहिरीत उतरल्याशिवाय पोहता येत नाही आणि पोहता येत नाही तोवर विहिरीत उतरू देत नाही, मग पोरगा शिकणार कधी.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं, कारण त्यातही दम आहे आणि मी ते टाळणार नाही. २०२४ च्या आपल्या विधानसभेला २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार होते. सरासरी काढली तर एका जागेला चौदाच्या वर. चौदा लोक स्टेजवर बसवले तर कोण काय बोललं कोणालाच समजणार नाही. तेलंगणात निजामाबादला २०१९ च्या लोकसभेला १८५ उमेदवार होते, बहुतेक हळदीचे शेतकरी, भावासाठी उभे राहिलेले, त्यांचं दुःख खरं होतं पण १८५ लोकांची डिबेट कशी घेणार. शिवाय सगळेच लहान पक्ष काही लोकांचे प्रश्न घेऊन येत नाहीत. कागदावरचे पक्ष आहेत, निवडणूक आयोगाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ३३४ पक्ष यादीतून काढून टाकले, सहा वर्षांत एकही निवडणूक न लढलेले. आणि गावाकडे सगळ्यांना माहीत आहे की डमी उमेदवार उभे करतात, सारख्या नावाचा माणूस शोधून आणतात, कोणाला बसवायचे पैसे देतात तर कोणाला उभं राहायचे. असा माणूस डिबेटमध्ये बसवला तर तो मोठ्या पक्षाचाच दुसरा माईक.

आमच्या सेंटरवर यावरून चांगलीच जुंपली होती एकदा. आमच्या शाळेतले एक निवृत्त गुरुजी येतात, त्यांचं म्हणणं की स्क्रीनवर आधीच आठ डोकी भांडत असतात, अजून चार वाढवून काय साधणार, त्यापेक्षा दोघंच ठेवा पण नीट बोलू द्या. मी त्यांना म्हटलं गुरुजी, गोंधळ डोक्यांच्या संख्येमुळे नाही, माईक चालू ठेवल्यामुळे होतो. अमेरिकेत २०२० च्या शेवटच्या डिबेटमध्ये ट्रम्प आणि बायडन दोघंच होते, तरी एकाचं पहिलं उत्तर चालू असताना दुसऱ्याचा माईक बंद ठेवावा लागला, कारण त्याआधीच्या डिबेटमध्ये दोघांनीच मिळून काही ऐकू येऊ दिलं नव्हतं. गुरुजींनी ते मान्य केलं. पण मग त्यांनी विचारलं, बरं, बसवायचं कोणाला ते सांग, आणि मी तेव्हा नीट सांगू शकलो नाही. त्यानंतर बराच विचार केला.

मला वाटते पहिली गोष्ट, चर्चा ज्या भागाची आहे त्या भागाची मतं मोजा. अकोल्यातल्या कार्यक्रमाला अकोल्याची, मेळघाटच्या कार्यक्रमाला मेळघाटची. मागच्या वेळी त्या मतदारसंघात ज्या पक्षाला शंभरात पाच-सहा मतं पडली त्याला खुर्ची, किंवा ज्याचे जिल्हा परिषद, पंचायत समितीत निवडून आलेले लोक आहेत त्याला खुर्ची. जिल्हा परिषदेत पोचलेला पक्ष कागदी राहूच शकत नाही, तिथे शौचालयाच्या अनुदानापासून शाळेच्या पत्र्यापर्यंत लोक दारात येऊन हिशोब मागतात. असं धरलं तर बहुतेक ठिकाणी चार किंवा पाचच्या वर खुर्च्या जाणार नाहीत. आणि राहिले नवीन, जे पहिल्यांदाच उभे आहेत, जसा आमचा बाटलीवाला, त्यांच्यासाठी एक खुर्ची मोकळी ठेवा आणि ईश्वरचिठ्ठी काढा. हसू नका. ग्रामपंचायतीत समान मतं पडली की चिठ्ठीवर सरपंच ठरतो आणि सगळे मानतात, एवढा मोठा निर्णय चिठ्ठीवर चालतो तर एका संध्याकाळची खुर्ची का चालणार नाही. चिठ्ठी लहान पोराच्या हातून काढा, सगळ्यांसमोर. डमी निघाला तर निघाला, पाच मिनिटांत लोकांना समजते कोणाचा माणूस आहे ते, आमच्या लोकांना तेवढं कळते.

आणि हा नियम अर्ज भरायच्या आधी सांगा. हे सगळ्यात मोठं. कार्यक्रमाच्या पाच मिनिटं आधी सांगितलेला नियम, नियम नसतो.

दूरदर्शनच्या योजनेतही हे बसू शकते. राज्यभराच्या टक्क्यांसोबत विभागाचे टक्केही पाहा. विदर्भाच्या ६२ जागा आहेत विधानसभेला, ही काही कमी संख्या नाही, नागपूरला दूरदर्शनचं केंद्रही आहे. विदर्भात ज्याला ठरावीक मतं आहेत त्याला नागपूर केंद्रावर वेळ द्या, मुंबई केंद्रावर नका देऊ. पूर्वी तर आमच्याकडून दिल्लीला लहान पक्षांचे लोक जात होते, १९७१ ला जांबुवंतराव धोटे नागपुरातून फॉरवर्ड ब्लॉककडून निवडून गेले, १९९८ ला रिपब्लिकन पक्षाचे राज्यातून चार खासदार झाले तर त्यातले तीन विदर्भातले, अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे. विदर्भ वेगळा व्हावा की नाही हा वाद बाजूला ठेवा, पण तो वाद असो, धानाचा बोनस असो, कापसाचा भाव असो, हे विषय वाजवून वाजवून मोठ्या पक्षांच्या कानात घातले ते बरेचदा अशाच लोकांनी. शरद जोशींची शेतकरी संघटना काही सत्तेत बसली नाही, पण भाव हा शब्द आज प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्यात आहे. कापसाचा हमीभाव २०२४ ला लांब धाग्याला ७,५२१ होता आणि तो परवडतो की नाही हे घरच्या खर्चाचा कागद समोर ठेवून सांगणारा माणूस मला त्या पूर्ण प्रचारात एकाही चॅनलच्या पॅनलवर दिसला नाही. सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की खरेदी केंद्रावरून ट्रॅक्टर वापस येत होते, मतदानाच्या पाच दिवस आधी केंद्राने ती मर्यादा १५ टक्के केली. पाच दिवस आधी. तोवर किती जणांनी व्यापाऱ्याला देऊन टाकलं होतं. हे कोणी विचारायला पाहिजे होतं की नाही?

मी त्या चॅनलला मेल केला होता. नीट, सभ्य भाषेत, कोणावर आरोप न करता, की पुढच्या वेळी आलात तर उमेदवार निवडायचा तुमचा नियम काय तो आधी कळवा. उत्तर आलं नाही. मग मी, गुरुजी आणि अजून तिघंचौघं बसलो आणि ठरवलं की येत्या निवडणुकीत आमच्या जिल्हा परिषद सर्कलची चर्चा आपणच घ्यायची, मारुतीच्या पारावर, मोबाईलवरून लाईव्ह. गुरुजी घड्याळ धरणार. प्रत्येकाला चार मिनिटं, मग लोकांचे प्रश्न, मध्ये कोणी बोललं तर माईक बंद, माईकची बटनं पाहायला माझा चुलतभाऊ, त्याचं डीजेचं काम आहे. खुर्ची कोणाला ते वर लिहिलं तसंच, आणि तो कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर अर्ज भरायच्या आठ दिवस आधी लागणार. दोन मोठ्या पक्षांच्या तालुक्यातल्या लोकांना आत्ताच विचारून पाहिलं, एक म्हणाला वरून विचारून सांगतो, दुसरा म्हणाला समोर कोण कोण राहील ते आधी सांगा. बाटलीवाल्या पोराला फोन केला तर तो म्हणे, “मी उभा नाही राहून रायलो भाऊ ह्या टायमाले, पैसे नाही. पण मले प्रश्न विचारू देसान का?” मी हो म्हटलं. लोकांमधून पहिला प्रश्न त्याचा, आणि मधात ब्रेक नाही.

मंडपवाल्याजवळ दोन प्रकारच्या खुर्च्या आहेत, गादीच्या आणि प्लॅस्टिकच्या. गादीच्या तीनच आहेत म्हणे. त्याला सांगितलं की मग सगळ्या प्लॅस्टिकच्याच आण.